नांगर, आग, पूर, औषधं आणि मातीतले जिवाणू-बुरशी: सतत विचारले जाणारे प्रश्न

दर मे-जूनमध्ये आणि दर पुरानंतर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक आपल्याकडची आहेत, जिथे बाहेरचा अभ्यास उपयोगी पडतो तिथे तोही घेतलाय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढे किचकट होत जातात. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून अधेमधे "अमुक प्रश्न बघा" असं लिहिलंय, कंटाळा न करता बघा.

१. मातीत नक्की राहतं कोण? आणि बुरशी म्हणजे रोगच ना?

बुरशी म्हटलं की आपल्याला मर, करपा, भुरी आठवते. पण मातीतल्या बहुतेक बुरशा एकतर मेलेला पालापाचोळा खाऊन जगतात नाहीतर पिकाच्या मुळांशी देवाणघेवाण करून, रोग करणाऱ्या त्यातल्या थोड्या. चिमूटभर म्हणजे एक ग्रॅम बऱ्या मातीत दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू असतात आणि बुरशीचे धागे जोडून मोजले तर कित्येक मीटर भरतात. पहिल्या पावसाचा जो वास येतो ना, त्यात मोठा वाटा ऍक्टिनोमायसिटीज नावाच्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो.

या सगळ्यात एक नाव लक्षात ठेवा, मायकोरायझा. ही मुळांच्या आत शिरून राहणारी बुरशी, जगातल्या दहापैकी सात-आठ वनस्पतींसोबत असते. पीक तिला साखर देतं, ती आपले धागे मुळाच्या पलीकडे काही सेंटीमीटर लांब पसरून स्फुरद, जस्त ओढून आणते. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही, मुळाच्या आजूबाजूचं दोन-तीन मिलिमीटरमधलं संपलं की संपलं, म्हणून या धाग्यांना किंमत. आणि ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाही, हे पाठच करून टाका, खालची अर्धी उत्तरं यातूनच निघतात.

२. माती डिस्टर्ब होते म्हणजे नेमकं काय? नांगरट पण त्यात धरायची का?

हो, धरायची. नांगरट, रोटाव्हेटर, चिखलणी, पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवणं, पूर, दुष्काळ, क्षार चढणं, औषधाचं ड्रेंचिंग (पाण्यात मिसळून मुळाशी ओतणं), जेसीबीनं सपाटीकरण, सगळंच. कुणी किती मारलं हा प्रश्न लोक आधी विचारतात पण तो दुय्यम आहे. खाद्य मिळालं की जिवाणू भराभर दुप्पट होतात, त्यांची संख्या आठवड्या-दोन आठवड्यांत भरून निघते. बघायचं हे की जमीन त्यानंतर किती दिवस मुळाविना आणि खाद्याविना उघडी राहिली, कारण धागेवाली बुरशी सगळ्यात शेवटी परत येते आणि कधीकधी येतच नाही.

३. नांगरलं की जिवाणू मरतात हे खरं आहे का?

उलट होतं. नांगरल्यावर ढेकळं फुटतात, आत लपलेला सेंद्रिय भाग उघडा पडतो, हवा मिळते आणि जिवाणूंची चंगळ होते. ते भराभर वाढतात, सेंद्रिय कर्ब खातात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. शेतकऱ्याला वाटतं नांगरलं आणि पीक तरारलं, ते खरंच असतं, फक्त ते तरारणं जमिनीतल्या मुद्दलातून आलेलं असतं.

मार बसतो तो बुरशीला. जिवाणू सुटा असतो, त्याला फाळानं काय फरक पडतो. बुरशी म्हणजे धाग्यांचं सलग जाळं, ते दरवर्षी तुटतं. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात मक्यावर बरीच वर्षं काम झालं, त्यात दिसलं की न हलवलेल्या मातीत कोवळं रोप आधीच्या पिकानं मागे ठेवलेल्या जाळ्याला लगेच जोडलं जातं आणि पहिल्या काही आठवड्यांत जास्त स्फुरद उचलतं, तीच माती हलवली की हा फायदा जातो. पण त्याच लोकांना हेही दिसलं की शेवटी उत्पन्न वाढेलच असं नाही, हे दुसरं वाक्य मात्र फॉरवर्ड होत नाही.

४. मग नांगर विकून टाकू का?

घाई नको. आपल्याकडे विनानांगरणीची दोन ठळक उदाहरणं आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर उसात आणि इतर पिकांत बरीच वर्षं बिननांगरणीची शेती करतायत, आधीच्या पिकाची बुडखे-मुळं जागेवरच कुजू देणं हा त्यांचा मुख्य मुद्दा. दुसरं म्हणजे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र, ज्यात भाताला चिखलणीच नाही, गादीवाफे एकदाच करायचे आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. दोन्हीत सूत्र एकच, मुळं उपटायची नाहीत आणि जाळं तोडायचं नाही.

अडचण तणाची येते. नांगर सोडला की तण आलंच आणि मग बहुतेक जण तणनाशकाकडे जातात, त्याचं वेगळं लिहिलंय प्रश्न १७ मध्ये. शिवाय खाली कठीण थर बसलेला असेल तर तो एकदा सबसॉयलरनं (खोल जाणाऱ्या फाळाचं अवजार) फोडून मग नांगरणी बंद करावी, कडक थरावर नुसतं न नांगरता बसलात तर मुळं आडवी पळतील आणि दोष बिचाऱ्या बुरशीला जाईल. आणि पहिल्या एक-दोन वर्षांत पीक थोडं मागे दिसू शकतं, ही मनाची तयारी ठेवा.

५. रोटाव्हेटर नांगरापेक्षा बरा ना, वरवरच चालतो?

वरवर चालतो पण पीठ करतो. जाळं राहतं ते मुख्यतः वरच्या चार-पाच इंचातच, म्हणजे नेमकं रोटाव्हेटरच्या टप्प्यात. वर्षातून दोन-तीनदा ओल्या मातीत फिरवला तर खाली चोपलेला थर तयार होतो ते वेगळंच. वाफसा (माती ना चिखल ना कोरडी) बघून, कमीत कमी वेळा.

६. पाचट पेटवलं तर माती भाजून निर्जीव होते का?

ही भीती जरा फुगवलेली आहे, आणि हे मी पाचट जाळण्याच्या बाजूनं बोलत नाहीये. माती उष्णतेची वाईट वाहक आहे. पसरलेलं पाचट काही मिनिटांत जळून जातं, मारक उष्णता वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच राहते. खालचे जिवाणू तसेच असतात. वरच्या थरात आधी बुरशी मरते, जिवाणू त्यापेक्षा जास्त सोसतात आणि बॅसिलससारखे बीजाणू करणारे तर आरामात वाचतात. माती ओली असेल तर मात्र तेवढ्याच तापमानाला जास्त मरतात, कारण ओली उष्णता जास्त मारक असते. आणि बांधाला ढीग लावून तासन् तास धुमसत ठेवला तर तिथे खरंच खोलवर भाजतं, त्या डागावर दोन हंगाम पीक वेगळं दिसतं ते तुम्ही बघितलं असेल.

खरं नुकसान उपाशी ठेवण्याचं आहे. उसाच्या एकरी साधारण तीन-चार टन पाचटातलं नत्र जवळजवळ सगळं धुरातून जातं, गंधकही बरंचसं जातं, राखेत उरतं ते पालाश आणि थोडं स्फुरद. आणि जे बुरशीचं वर्षभराचं जेवण होतं ते पंधरा मिनिटांत संपलं. शिवाय वरचं आच्छादन गेलं म्हणजे मार्च ते जून ऊन सरळ मातीवर, त्याचं प्रश्न १२ मध्ये. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेल्या उसात) पाचट ठेवून वर थोडं युरिया-सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं संवर्धक टाकायची शिफारस असते ती यासाठीच, पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, नुसतं ठेवलं तर कुजवणारे जिवाणू सुरुवातीला पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात.

७. आमच्याकडे कोकणात राब भाजतात, पिढ्यान् पिढ्या. तेही चुकीचं का?

राब वेगळा. सगळं शेत नाही, फक्त रोपं टाकायची जागा, भाताच्या एकूण क्षेत्राच्या मानानं लहान तुकडा. शेण, टहाळ, पातेरा, गवत आणि वर माती, असं थरावर थर लावून पेटवतात, त्यामुळे आग भडकत नाही, हळू धुमसते आणि उष्णता पाचटापेक्षा खोल जाते. त्यात तणाचं बी आणि रोपं कुजवणाऱ्या बुरशा बऱ्याच मरतात आणि राखेतून पालाश मिळतो. मायकोरायझाचं नुकसान तिथे फारसं मोजू नका, रोप तिथे तीन-चार आठवडेच राहतं आणि नंतर चिखलात जातं, जिथे तसाही तिचा जोर कमी असतो. राबाचा खरा खर्च डोंगरावरच्या झाडांचा टहाळ दरवर्षी तोडण्यात आहे, मातीत नाही. गादीवाफ्यावर रोपं होतात आणि चांगली होतात, एवढं पुरे.

८. जाळलेल्या उसाच्या बुडख्यांवर केशरी पावडर आलीये. रोग आहे का? फवारू का?

काहीही फवारू नका. ती न्यूरोस्पोरा नावाची बुरशी असण्याची शक्यता खूप आहे. तिचे एका प्रकारचे बीजाणू मातीत झोपून असतात आणि साधारण ६० अंशाचा चटका बसल्याशिवाय उगवतच नाहीत, म्हणजे आग हीच तिची पेरणी. भाजलेल्या बुडख्यातली साखर खाते, काही दिवसांत संपते आणि जाते, उभ्या पिकाला काही करत नाही. आणि बाई आहे मोठ्या घराण्यातली! १८४३ मध्ये फ्रान्समधल्या बेकऱ्यांत पावावर हिचं केशरी पीक आलं होतं आणि १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी हिच्यावरच प्रयोग करून जनुकं विकरांचं (एन्झाइमचं) काम कसं ठरवतात ते दाखवलं, त्याला १९५८ चं नोबेल मिळालं. कुठलाही मोठा धक्का बसला की त्याचीच वाट बघत बसलेले काही जण असतात, ते आधी येतात. ही त्यातली निरुपद्रवी, सगळ्या तशा नसतात, पुढचा प्रश्न बघा.

९. पुराचं पाणी आठ-दहा दिवस शेतात होतं. आता मातीत काही जिवंत असेल का?

असतं, भरपूर असतं, पण वेगळेच लोक असतात. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगा काठच्या लोकांनी हे तीनदा बघितलंय. पाणी साचलं की एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जे जिवाणू ऑक्सिजनशिवाय श्वास घेऊ शकतात ते कामाला लागतात आणि क्रमानं एकेक गोष्ट वापरतात, आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. नायट्रेट वापरलं म्हणजे तुमचं युरियाचं नत्र वायू होऊन उडालं. लोहापर्यंत पोचलं की माती निळसर-राखाडी दिसते, सल्फेटपर्यंत गेलं की कुजक्या अंड्याचा वास येतो. वास येत असेल तर समजा प्रकरण लांबलंय.

पाणी ओसरल्यावर हवा खेळली की साधे जिवाणू महिन्याभरात परत येतात. पण ओल्या, दमलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजारियम हे मुळं कुजवणारे रोगजीव आधी हात मारतात, साताऱ्याकडे आल्यात कंदकूज याच वेळी भडकते. म्हणून पहिलं काम खत नाही, चर काढून निचरा. दुसरं, वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर घालू नका, चिखलात चाकं फिरली तर हवेच्या वाटा पुन्हा बंद. तिसरं, नत्र एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत.

१०. आमची तर मातीच खरवडून गेली, खाली मुरूम दिसतोय. धरणाचा गाळ आणून टाकला की झालं ना?

सप्टेंबर २०२५ नंतर मराठवाड्यातून आणि सीना काठावरून हा प्रश्न फार आला. गाळ टाकल्यानं पाणी धरणारी जागा आणि अन्नद्रव्यं मिळतात, ते आवश्यकच आहे. पण तळ्यातला गाळ वर्षानुवर्षं पाण्याखाली, ऑक्सिजनविना पडलेला असतो, त्यात शेतातल्या बुरशीचं जाळं नसतं. त्याला शेत व्हायला वेळ लागतो. जमलं तर न वाहिलेल्या बांधावरची, जुन्या झाडाखालची किंवा शेजारच्या चांगल्या शेताची थोडी माती विरजणासारखी मिसळा, शेणखत घाला आणि पहिलं पीक ताग, चवळी, मका असं घ्या ज्याला मायकोरायझा आवडते. पहिल्याच वर्षी महागडी भाजी लावून सगळा पैसा ड्रिपमधून घालवू नका. रोगट शेतातली माती मात्र विरजणाला अजिबात नको, हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पिकाशिवायही मातीत सहा वर्षांपर्यंत टिकते.

११. पूर येऊन वर्ष झालं, खत वेळेवर दिलं, तरी मका जांभळा पडतोय. असं का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर दुकानात मिळत नाही. जांभळी पानं म्हणजे स्फुरदाची ओरड. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये १९९३ ला मोठा पूर आला, पुष्कळ शेतं हंगामभर रिकामी राहिली, आणि १९९४ ला तिथे मक्यात नेमकं हेच दिसलं, माती परीक्षणात स्फुरद ठीक पण पीक उपाशी. शेतात वर्षभर जिवंत मूळच नव्हतं, त्यामुळे मायकोरायझा उपासमारीनं घटली होती.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्समध्ये तर पूरही नव्हता. तिथली माती आपल्यासारखीच काळी, फुगणारी-भेगाळणारी. ओल साठवायची म्हणून लोक वर्ष-वर्ष जमीन पडीक ठेवायचे, तण काढून एकदम स्वच्छ. त्यानंतर सूर्यफूल, जवस वगैरे खुरटायचं, स्फुरद आणि जस्त कमी पडायचं. जॉन थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की कारण मायकोरायझाचा ऱ्हास हे होतं. स्वच्छ पडीक ठेवणं म्हणजे जमिनीला विश्रांती असं आपण समजतो, बुरशीसाठी तो दुष्काळ असतो.

एक जोडकारणही आहे. पाण्याखाली असताना लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटतं, पण माती सुकली की ताज्या लोहाच्या संयुगांवर ते आणखी घट्ट चिकटतं. तर उपाय काय, पेरणीच्या वेळी स्फुरद बियाण्याच्या जवळ, पण बियाण्याला न चिकटता, पट्ट्यात द्या, जस्त बघा आणि पुढच्या वेळी पूर ओसरला की काहीतरी हिरवं लगेच पेरा, मग ते चाऱ्याची ज्वारी का असेना.

१२. उन्हाळ्यात एवढी माती तापते, त्यात सगळं मरत असेल ना? मग उन्हाळी नांगरट करायला का सांगतात?

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नाशीच्या वर सहज जातो. वरचा थर सुकतो, बरेच मरतात, बाकीचे बीजाणू करून किंवा बारीक छिद्रांतल्या ओलीत तग धरतात. बुरशी कोरड्याला जिवाणूंपेक्षा चिवट असते, धागे लांबून ओल आणू शकतात. म्हणजे नांगर, आग यांत बुरशी हरते पण दुष्काळात बरेचदा जिंकते, सगळ्या संकटांना एकच नियम लावू नका.

मग पहिला पाऊस पडतो आणि मेलेल्यांचं शरीर वाचलेल्यांचं जेवण होतं. दोन-चार दिवस माती जोरात श्वास घेते आणि नत्र मोकळं होतं. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे नीट मोजून मांडलं म्हणून याला बर्च इफेक्ट म्हणतात. वेळेवर वाफशावर पेरलेलं पीक हे फुकटचं नत्र पकडतं, उशिरा पेरलं तर ते निचऱ्यातून जातं.

उन्हाळी नांगरट अळ्यांचे कोष आणि हरळी-लव्हाळ्यासाठी सांगतात, आणि त्यासाठी ती चालते. पण दरवर्षी सवयीनं नको, किडीचा किंवा लव्हाळ्याचा खरंच त्रास असेल त्या तुकड्यातच करा.

१३. रासायनिक खतानं जिवाणू मरतात ना? सगळे तर तेच सांगतात.

सगळे सांगतात ते अर्धवट आहे. २०१४ मध्ये गाइसलर आणि स्को यांनी जगभरच्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तर खत दिलेल्या पिकाच्या जमिनीत बिनखताच्या जमिनीपेक्षा सूक्ष्मजीवांचं वजन सरासरी १५ टक्के जास्तच निघालं. कारण साधं, खतानं पीक वाढलं, मुळं-पाला वाढला, खाद्य वाढलं. जिथे नत्राच्या खतानं माती आंबट होऊन सामू (पीएच) ५ च्या खाली गेला तिथे मात्र घटले. म्हणजे काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ही भीती कमी, कोकणातल्या जांभ्या मातीत जास्त.

मायकोरायझाची गोष्ट वेगळी. स्फुरद भरपूर मिळालं की पीकच तिला साखर देणं कमी करतं, दर हंगामाला डोळे झाकून डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकाल तर ती रोडावणार. सोयाबीनलाही तसंच, नत्र जास्त दिलं की मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या गाठी कमी. अकोल्याला कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू क्रमावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे, तिथे रासायनिक खत अधिक शेणखत हाच प्लॉट मातीच्या तब्येतीत वरचढ राहिलाय.

१४. बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग केलं तर चांगली बुरशी पण जाते का?

कुठलं औषध त्यावर आहे. बेनोमिल तर शास्त्रज्ञ प्रयोगात मुद्दाम मायकोरायझा दाबायला वापरायचे, आणि बेनोमिल मातीत गेलं की त्याचं कार्बेन्डाझिमच (आपल्याकडचं नेहमीचं बुरशीनाशक) होतं, म्हणजे समजून घ्या. मेटॅलॅक्झिल पिथियम-फायटोप्थोरा गटावर चालतं, ते खऱ्या बुरशांपेक्षा वेगळं कूळ आहे, त्यामुळे मायकोरायझाला त्याचा फारसा त्रास नाही.

सगळ्यात लांबची गोष्ट तांब्याची. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) १८८५ पासून जगात आहे आणि सेंद्रियवाल्यांनाही चालतं म्हणून त्याला सौम्य समजतात, पण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, उडत नाही, वरच्या थरात साठत जातं. युरोपात म्हणून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं अशी मर्यादा घातलीये. नाशिक-सांगलीच्या जुन्या द्राक्षबागांनी एकदा मातीतलं तांबं तपासून घ्यायला हरकत नाही.

१५. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक पण लावायचं आणि रायझोबियम पण. मग रायझोबियम मरणार नाही का?

क्रम पाळा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी सावलीत जिवाणू संवर्धक आणि लगेच पेरणी. रायझोबियम हा कडधान्याच्या मुळांवर गाठी करून नत्र धरणारा जिवाणू आहे, बहुतेक बुरशीनाशकांनी लगेच मरत नाही, पण तांबं आणि पाऱ्याची औषधं टाळा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशांवर सोडतात ती) मात्र स्वतः बुरशी आहे, कार्बेन्डाझिमसोबत लावून पैसे वाया घालवू नका, दोघांतलं एक निवडा.

१६. जीवामृत, बाटलीतले जिवाणू, मायकोरायझा पावडर… यानं माती परत जिवंत होते का?

सरकारी मानकाप्रमाणे चूर्ण जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी हव्यात. ऐकायला खूप, पण प्रश्न १ मधला आकडा परत वाचा, एका चिमटीत तेवढे किंवा जास्त आधीच आहेत आणि ते स्थानिक आहेत. नवीन आलेल्याला तिथे जागा आणि जेवण मिळालं तरच टिकतो. म्हणून जिथे तो विशिष्ट जीव नाहीच तिथे फरक दणदणीत दिसतो, जसं पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेल्या रानात ब्रॅडीरायझोबियम (सोयाबीनच्या गाठींचा जिवाणू), किंवा खाणीचा मुरूम (प्रश्न १९). नेहमीच्या चांगल्या रानात फरक दिसेलच असं नाही.

जीवामृतात गूळ आणि बेसन आहे, म्हणजे आधीच्याच जिवाणूंना मेजवानी, माझ्या मते त्याचा बराचसा परिणाम तिथून येतो. करायचं तर करा, पण उघड्या, कोरड्या मातीवर ओतून चमत्काराची वाट बघू नका, आच्छादनाखाली ओलीत ओता. आणि मायकोरायझा रोपवाटिकेत द्या, मुळाला लगेच चिकटेल अशी, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी शिंपडून काय उपयोग.

१७. न नांगरता तणनाशक मारलं तर बुरशी वाचते की मरते?

खरंच किचकट आहे. ग्लायफोसेट ज्या रासायनिक वाटेवर घाव घालतं ती वाट बुरशी आणि बऱ्याच जिवाणूंतही आहे, त्यामुळे काळजी बिनबुडाची नाही. पण शेतातल्या नेहमीच्या डोसला एकूण सूक्ष्मजीवांवर परिणाम बहुधा थोडा आणि तात्पुरता दिसतो, मायकोरायझाबद्दल निष्कर्ष उलटसुलट आहेत. एकदा तणनाशक विरुद्ध तीनदा रोटाव्हेटर अशी तुलना असेल तर जाळ्याच्या दृष्टीनं मी तणनाशकाला कमी वाईट म्हणेन, यावर भांडायला लोक तयारच असतात. कायद्याचं मात्र लक्षात घ्या, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायची अट घातली होती. तण कापून तिथेच पसरणं हा तिसरा रस्ता, मजूर मिळाले तर.

१८. आमच्याकडे कायम कोबी, फ्लॉवर, पालक. मायकोरायझा विकत घेतली, काहीच फरक नाही. फसवलं का?

औषध खरं असेल, पीक चुकलं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे सगळं कूळ आणि पालक, बीट, राजगिरा हे मायकोरायझाशी नातं जोडतच नाहीत. त्यांच्यासाठी तिच्यावर एक रुपया घालवू नका. उलट गंमत अशी की कोबीवर कोबी घेत राहिलं तर जमीन हिरवीगार असूनही बुरशीच्या दृष्टीनं ती पडीकच, म्हणजे प्रश्न ११ मधली ऑस्ट्रेलिया. त्यानंतर कांदा किंवा मका लावला की बेवड (मागच्या पिकाचा जमिनीवरचा परिणाम) वाईट लागतो, आणि कांद्याला तर मुळं आखूड, केसाळपणा नाही, त्यामुळे तो या बुरशीवर फारच अवलंबून. मध्ये एक मका, ज्वारी किंवा कडधान्य घाला.

१९. माती पूर्णच गेलेली जागा, खाण किंवा क्षारपड, परत येते का?

येते, पण क्रम चुकला तर नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) टाकली, नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा दिलेली रोपं लावली आणि तिथे झाडी उभी राहिली. आधी खाद्य, मग जीव, सोबत मूळ.

क्षारपड जमिनीत आधी पाणी बाहेर काढावं लागतं. शिरोळ भागात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला तेव्हा जमिनी परत लागवडीखाली आल्या. निचऱ्याआधी जिवाणूंची बाटली ओतणं म्हणजे मिठाच्या पाण्यात विरजण लावणं. चोपण (सोडियम चढलेली जमीन) असेल तर जिप्समही लागतं, ते माती परीक्षणावरून ठरवा.

२०. बांधावर दर श्रावणात अळंबी यायची, सपाटीकरण केल्यापासून बंद. बी मिळतं का तिचं?

मिळत नाही. ती वाळवीनं पाळलेली बुरशी आहे, टर्मिटोमायसिस, जमिनीखाली वाळवी पालापाचोळ्यावर तिची शेती करते आणि पावसाळ्यात तिचं फळ वर येतं. जेसीबीनं वारूळ गेलं की वाळवीची वसाहत गेली आणि बुरशीही गेली, विकतच्या अळंबीसारखी पिशवीत ती वाढवता येत नाही. गोव्यात वारुळं आणि अळमी वाचवायला लोक ओरडतात ते उगाच नाही. शेजारचं वारूळ शाबूत असेल तर त्याला औषध घालू नका, नवीन वसाहत कधीतरी इकडे सरकेल, तारीख विचारू नका.

२१. रोगट वाफ्यात प्लास्टिक अंथरून माती तापवायला सांगतात. एवढं सगळं वाचल्यावर ते करू की नको?

करा, पण फक्त रोपवाटिकेत आणि सूत्रकृमी-मर यांनी खरंच छळलेल्या तुकड्यात. माती पाणी देऊन ओली करायची, पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला चिकटून, कडा पुरून, एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे. काळं नको, पारदर्शकच जास्त तापवतं. रोगाच्या बऱ्याच बुरशा मरतात, उष्णता सोसणारे बॅसिलस, ऍक्टिनोमायसिटीज आणि काही ट्रायकोडर्मा टिकतात आणि मोकळी जागा आधी धरतात, म्हणून हा उपाय चालतो. मायकोरायझा मात्र वरच्या थरात कमी होते, म्हणून प्लास्टिक काढलं की त्याच आठवड्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि रोपाच्या मुळाशी मायकोरायझा द्या, आणि शेजारच्या रोगट सरीतलं पाणी त्या वाफ्यात येऊ देऊ नका.